मराठीचे सहा क्रेडिट

माझ्या मुलीच्या मराठीत एकच दोष होता आणि तो मी करून ठेवलेला होता. ती स्वतःबद्दल मुलासारखं बोलायची. मी येतो, मी जेवलो, मी झोपलो होतो. बाकी सगळं ठाकठीक. अम्मा आली, टीचर रागावली, मांजर पळालं, यात कधी गफलत नाही. 'मी' आला की मात्र ती हमखास मुलगा व्हायची.

कारण अगदी सोपं होतं. ओमानमधल्या सलालाहच्या आमच्या घरात मराठी बोलणारा मी एकटा. बायको केरळची, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. आमचं दोघांचं बोलणं हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत चालतं. भांडण झालं की ती मलयाळममध्ये बोलते आणि मी मराठीत, त्यामुळे दोघांनाही मनसोक्त बोलता येतं. मुलीने आईकडून मलयाळम घेतलं, शाळेतून इंग्रजी आणि हिंदी, आणि माझ्याकडून मराठी. पण एखादी बाई मराठीत स्वतःबद्दल कसं बोलते, हे तिच्या कानावर पडायला घरात बाईच मराठी नव्हती. सुट्टीत पंधरा दिवस ठाण्याला जायचो तेव्हा तिची आत्तेभावंडं तिच्याशी इंग्रजीतच बोलायची. पाहुणीला त्रास नको म्हणून.

ती चार वर्षांची असताना माझ्या बहिणीने फोनवर तिचं 'मी जेवलो' ऐकलं आणि खो खो हसली. तू मुलगा आहेस का गं, असं विचारलं. पोरीने फोन माझ्या हातात दिला आणि पुढे कितीतरी दिवस आत्याशी बोलली नाही. मी बहिणीवर भडकलो. तिला आधी बोलू दे, व्याकरणाचं नंतर बघू, असं तिला सुनावलं. ते 'नंतर' बारा वर्षं आलं नाही. आळस होताच, पण खरं सांगायचं तर मला तिचं ते बोलणं आवडायचं. दिवसभर बंदरात क्रेनच्या देखभालीचं काम करून, चार देशांच्या माणसांशी पाचव्याच भाषेत डोकं लावून घरी यावं, आणि दार उघडून कोणीतरी अगदी माझ्याच थाटात 'आलास? मी कधीचा थांबलो होतो' म्हणावं. मला फार बरं वाटायचं. ते कशाला मोडायचं, असं मनात असायचं.

आमच्या घरात बाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत. माझ्या आईने ती सवय लावली आणि मी ती इथे आणली. निघणाऱ्याने 'येतो' म्हणायचं, घरात असणाऱ्याने 'ये' म्हणायचं. बायकोला याची गंमत वाटायची. तिच्याकडेही तशीच रीत आहे, पण ते लोक 'जाऊन येतो' म्हणतात. आम्ही निदान जातोय हे कबूल करतो, तुम्ही तेवढंही करत नाही, असं ती म्हणायची. मुलगी मात्र माझ्या बाजूची. सकाळी शाळेच्या फाटकापाशी गाडीतून उतरायची, दप्तर खांद्याला लावायची आणि म्हणायची, "येतो, बाबा." मी म्हणायचो, "ये."

ती अकरावीत गेली तेव्हा शाळेत पालकांची एक बैठक झाली. परदेशातल्या एका विद्यापीठाने अशी सोय केली होती की अकरावी-बारावीत असतानाच त्यांच्या पहिल्या वर्षाचे काही विषय ऑनलाइन करायचे, परीक्षा द्यायची, आणि त्याचे क्रेडिट पुढे तिथे प्रवेश घेतला की जमा धरले जायचे. माझ्यासारख्याला हे नवल होतं. आमच्या वेळी बारावी पास झाल्याशिवाय कॉलेजचा शिपाई आत सोडत नव्हता. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी मला विचारलं की मग मुलं शाळेत आहेत की कॉलेजात. मी म्हटलं, दोन्हीकडे, आणि घरी कुठेच नाहीत.

मुलीला समुद्राचा अभ्यास करायचा होता. इथे वाढली आहे, त्यात आश्चर्य नाही. शुक्रवारी आम्ही किनाऱ्यावर गेलो की इतर मुलं भजी खायची आणि ही ओहोटीच्या खडकात हात घालून बसायची. त्या विद्यापीठात पहिल्याच वर्षी मुलांना बोटीवर नेऊन काम शिकवणारा एक कोर्स होता. पण त्यात जागा फक्त त्यांनाच, ज्यांच्या एका सत्राचे क्रेडिट आधीच पूर्ण असतील. नाहीतर एक वर्ष थांबा. तिने अकरावीत दोन विषय केले, सांख्यिकी आणि मानसशास्त्र. शाळेचा अभ्यास सांभाळून, दुपारची झोप सोडून, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून केले. हट्टी आहे. तो गुण कोणाचा, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

बारावीत आली तेव्हा सहा क्रेडिट कमी पडत होते. ते भाषेचे. स्पॅनिश वगैरे नव्याने शिकायची, नाहीतर घरच्या भाषेची परीक्षा द्यायची, असे दोन मार्ग होते. भाषांच्या यादीत मलयाळमही होती आणि मराठीही. बायकोने गृहीतच धरलं की मुलगी मलयाळम घेणार. तिचं मलयाळम फर्डं आहे, आजीशी फोनवर तास-तास चालतं. मीही तेच धरून चाललो होतो. मुलीने अर्ज भरला आणि मग आम्हाला सांगितलं की मराठी घेतली.

बायको दोन दिवस रागात होती. मी वरवर मुलीवर चिडलो. हातात येणारी गोष्ट सोडून अवघड कशाला घेतेस, बोट हवी आहे ना, असं गाडीत तिला बोललो. आतून मला इतका आनंद झाला होता की बंदराकडे जायचं वळण चुकलं. ती खिडकीतून शहाळ्यांच्या टपऱ्या बघत होती. म्हणाली, "अम्माशी इथे सगळे मलयाळम बोलतात. तुझ्याशी मीच बोलतो."

त्या वाक्याचा शेवट माझ्या कानाला टोचला. बोलतो. आता तो परीक्षकाच्याही कानाला टोचणार होता.

परीक्षा लेखी आणि तोंडी अशी दोन भागांत होती. लेखीची काळजी नव्हती, शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी येत होती. सूचनापत्रक मराठीत आलं, त्यात क्रेडिटला 'श्रेयांक' म्हटलं होतं. तिने मला अर्थ विचारला. मीही तो शब्द पहिल्यांदाच पाहत होतो. मी म्हटलं, श्रेय म्हणजे एखादी गोष्ट कोणामुळे झाली ते सांगणं, त्याचे अंक. हे बरोबर की चूक, कोण जाणे. तिने वहीत लिहून घेतलं. तोंडी परीक्षा वीस मिनिटांची, व्हिडिओवर, मराठीच्या एका प्राध्यापिकाबाईंसमोर. हाताशी सहा आठवडे होते.

आवाज ऐकून कुठे बिघाड आहे ते सांगायचं आणि तो काढून टाकायचा, हा माझा धंदा. मी तसाच कामाला लागलो. जातो नाही, जाते. आलो नाही, आले. बसायचो नाही, बसायचे. शाळेत जाताना, येताना, जेवताना, जिथे चूक होईल तिथे लगेच थांबवायचं. पहिले काही दिवस ती हसत हसत करत होती. मग प्रत्येक क्रियापदाच्या आधी अडखळायला लागली. वाक्य अर्ध्यावर आणून थांबायची, माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मग शेवट जोडायची. पूर्वी किती भरभर बोलायची. आता रस्त्यात उंट आडवे आल्यावर गाड्या चालतात तसं तिचं बोलणं चालायला लागलं.

त्यातून तिने पळवाटा शोधल्या. मराठीत भविष्यकाळात स्वतःबद्दल बोलताना मुलगा-मुलगी हा फरक नसतो, हे मला चाळिशी उलटेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. तिला चार दिवसांत आलं. मग ती सगळं भविष्यात ढकलायला लागली. मी उद्या अभ्यास करीन, मी नंतर जेवीन. भूतकाळात अडवलं तर तिथेही वेगळी तऱ्हा. लायब्ररीत गेली होतीस का, तर म्हणे, "जाणं झालं." दमलीस का, तर, "दमायला झालं." हुशारीचं कौतुक वाटलं, पण हे काय मराठी झालं? एके दिवशी शाळेतून आणताना मी एका पाठोपाठ सात वेळा तिला थांबवलं. सातव्या वेळी आवाज चढला. एवढी साधी गोष्ट, बारा वर्षं बोलतेस, डोक्यात कशी शिरत नाही, असं काहीतरी मी बोललो. ती शांतपणे म्हणाली, "खलास, बाबा. लेट्स जस्ट टॉक इन इंग्लिश."

त्या दिवसापासून ती माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली. रागाने नाही, अगदी नीट, सभ्यपणे. शाळेच्या फाटकापाशी उतरताना 'बाय बाबा'. मी सवयीने 'ये' म्हणायचो आणि ते गाडीतच राहायचं. घरात मी एकटाच मराठी बोलत होतो आणि मला इंग्रजीत उत्तरं मिळत होती. क्रेडिटचं मी विसरूनच गेलो. एखादं यंत्र दुरुस्त करायला घ्यावं आणि चालू असलेलं बंद पाडून ठेवावं, असं मी केलं होतं. फरक इतकाच की यंत्राचं वाईट वाटत नाही. मला फार वाईट वाटत होतं.

बायकोने आठवडाभर बघितलं आणि मग ड्यूटीवर जायच्या गडबडीत केस विंचरता विंचरता म्हणाली, "गलती ठीक करने गये, और बच्ची का मुँह ही बंद कर दिया." मलयाळम न घेतल्याचा तिचा राग तोवर गेला होता की नव्हता, ठाऊक नाही. पण मला ते लागलं, कारण खरं होतं.

मी मुलीची माफी मागितली. बापाने माफी मागायची म्हणजे काय, आमच्या घराण्यात तशी पद्धत नव्हती. शनिवारी दुपारी तिच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हटलं की चूक माझी होती, तुला कधी सांगितलंच नाही, आणि सांगायची वेळ आली तर ओरडत बसलो. आता तुला जसं येईल तसं बोल, मी एक शब्द बोलणार नाही. ती म्हणाली, "इट्स ओके, बाबा." आणि परत पुस्तकात बघायला लागली.

परीक्षेचा दिवस उजाडला. दुपारी तीनची वेळ. नियम असा की खोलीत दुसरं कोणी नको. ती हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसली, आम्ही दोघं स्वयंपाकघरात. मधलं दार कधीच नीट लागत नाही. देखभालीतला माणूस असून घरातलं दार दुरुस्त करत नाही म्हणून मी रोज बोलणी खातो, पण त्या दिवशी बायको काही बोलली नाही. मी ओट्याला टेकून उभा राहिलो. ती चहाचं पाणी ठेवून गॅस लावायला विसरली.

सुरुवात बरी झाली. शाळा, विषय, गाव. मुलगी तोलून मापून बोलत होती, भविष्यकाळात जमेल तेवढं. पुढे काय शिकायचंय यावर तर छान बोलली, कारण ते सगळं पुढचंच होतं. बाईंचा आवाज वयस्कर आणि मऊ होता. मग त्या म्हणाल्या, "आता लहानपणीची एखादी आठवण सांगा. सावकाश सांगा."

लहानपणीची आठवण भविष्यकाळात कशी सांगणार? मी डोळे मिटले.

"मी लहान होते," ती म्हणाली. थांबली. "आमच्या डोअरजवळ एक शू-रॅक होता. मी तिथे बस... बसायचे." मग काहीच नाही. बरंच काहीच नाही. बायकोने माझा दंड धरला. तिला शब्द कळत नव्हते, पण गप्प बसणं कुठल्याही भाषेत कळतं. मग मुलीचा आवाज आला, "सॉरी. मी परत सांगतो."

आणि ती सुटली. पूर्वीसारखी.

"बाबा ड्यूटीला जायचा तेव्हा 'येतो' म्हणायचा. मला वाटायचं, येतो म्हणजे आत्ता येतो. म्हणून मी शू-रॅकवर बसून राहायचो. अम्मा म्हणायची, आत चल. मी नाही जायचो. कधी कधी तिथेच झोपलो. पण बाबा रोज यायचा. लेट यायचा, पण यायचा. मग मला वाटलं, हा वर्ड चांगला आहे. जो 'येतो' म्हणतो, तो परत येतो. म्हणून मी पण तसंच म्हणायला लागलो. सेम टू सेम. चेंज केला तर काम नाही करणार, असं वाटायचं."

मला हे माहीत नव्हतं. मी बायकोकडे बघितलं आणि हळूच सांगितलं की ती शू-रॅकवर बसायची ते सांगतेय. बायकोने मान हलवली. एका पायात बूट घालून बसायची, ती कुजबुजली, मी तुला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तुझा पाय निघाला नसता. मी त्या वेळी आठवड्याचे सहा दिवस, कधी दोन-दोन पाळ्या काम करत होतो. 'येतो' म्हणून मागे न बघता जिना उतरायचो.

बाहेर बाई विचारत होत्या, "तुमचं मूळ गाव कोल्हापूरकडचं का हो? मी तिकडचीच. आमच्याकडे बायकाही 'मी येतो'च म्हणतात."

मला वाटलं, हो म्हण. काय बिघडतं? हो म्हण आणि सूट. पण मुलगी म्हणाली, "नाही. कोल्हापूर मी बघितलं नाही. मी सलालाहची. आमच्या घरात मराठी फक्त बाबाला येतं, म्हणून मी बाबासारखं बोलतो." मग जरा थांबून, "बोलते. बोलते म्हणायला पाहिजे. मला माहीत आहे."

"माहीत आहे ना, मग झालं," बाई म्हणाल्या. "पुढे सांगा. बाबा आल्यावर तुम्ही काय करायचात?"

वीस मिनिटं संपून गेली तरी त्या दोघी बोलत होत्या.

निकाल तीन आठवड्यांनी आला. मुलीने शाळेतूनच मला पाठवला, वर फक्त एक ओळ, 'बाबा वाच, मला लास्ट लाइन नाही समजली.' मी क्रेनखालच्या सावलीत उभा होतो. सहा क्रेडिट मिळाले होते. बोट मिळाली होती. खाली परीक्षकांचा शेरा मराठीत होता: 'स्वतःविषयी बोलताना पुल्लिंगी रूपे येतात. ही उमेदवाराच्या घरची बोली आहे. दोष धरलेला नाही.'

मी तो शेरा चार-पाच वेळा वाचला. आमच्या घरालाही बोली आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. बरोबरच्या ओमानी सुपरवायझरने घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. मी म्हटलं, मुलगी पास झाली. तो म्हणाला, मग रडायचं ते ती जाईल तेव्हा रड. त्याच्या स्वतःच्या दोन मुली शिकायला मस्कतला आहेत.

दुपारी गाडीत मी तिला अर्थ सांगितला. दोष धरला नाही म्हणजे चूक दिसली, पण त्यांनी ती मोजली नाही. ती म्हणाली, "कोणाची चूक?" मी म्हटलं, तुझी. "माझी नाही, तुझी होती ती. मी फक्त ऐकलं." अजिबात हसू न आणता बोलली. मग घरी जाऊन तिने आपण होऊन आत्याला फोन लावला. आत्या, मी पास झाले, मी पुढच्या वर्षी जाते, मी खूप खूश झाले. एकही चूक नाही, एकही अडखळणं नाही. बहीण तिकडे रडत होती. मी इकडे पेपर वाचत बसलो होतो आणि एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. छान बोलत होती. कोणाचीही मुलगी बोलते तसं बोलत होती.

पुढच्या खरीफात, म्हणजे इथे डोंगर हिरवे होतात तेव्हा, ती जाईल. तिथे मराठी कोणाशी बोलणार आहे, मला माहीत नाही. आता ती 'जाते', 'आले', 'बसले' असंच बोलते, घरातसुद्धा. मी काही म्हणत नाही. तिने कष्टाने मिळवलेलं आहे.

आज सकाळी शाळेच्या फाटकापाशी मी गाडी थांबवली. रात्री प्रॅक्टिकलची वही लिहीत बसले होते, असं काहीतरी सांगत ती उतरली, दप्तर खांद्याला लावलं, दार लावायला वळली. मग दारावर हात ठेवून तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "येतो, बाबा."

ते चुकून नव्हतं.

मी म्हटलं, "ये."